मदत हवी आहे: आईसाठी ठेवलेल्या बाईचा खर्च मेडिक्लेममधून मिळतो का?

मेघना_नाशिक
लवकर उत्तर हवंय. आईला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. हॉस्पिटलचं बिल कॅशलेस झालं. आता घरी चोवीस तासांची बाई, फिजिओ, डायपर, एअर बेड. बाई पुरवणाऱ्या ब्युरोलाच महिन्याला २७ हजार जातात. बाईचा क्लेम कंपनीने फेटाळला. भावाकडून पैसे येतात, पण वेळेवर येतील याचा भरवसा नाही. सरकारी काही मिळतं का? हा खर्च देणारी पॉलिसी कोणती?

रानजाई
आईंचं वय? पॉलिसी त्यांची स्वतःची की तुमच्या ऑफिसची? डिस्चार्ज कधी झाला? नकाराच्या पत्रात कारण काय दिलंय? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

सदाशिव_काका
७० पूर्ण असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड आधी काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, सरकारकडून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, उत्पन्नाची अट नाही. खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं. माझ्या मेहुण्यांचं आधारवर लगेच झालं.

क्लेमवाला
काका, ते कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर चालतं. घरच्या बाईसाठी त्यातून एक रुपया मिळत नाही. ताईंनी विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय!

सदाशिव_काका
बाईचे पैसे मिळतील असं मी म्हटलेलंच नाही. अंथरुणावरच्या माणसाला उद्या न्यूमोनिया झाला, लघवीचं इन्फेक्शन झालं, तर पुन्हा भरती करावंच लागतं. तोवर ऑफिसच्या पॉलिसीची रक्कम संपलेली असली तर? कार्ड हाताशी असू द्या.

मेघना_नाशिक
आई ७२. पॉलिसी माझ्या ऑफिसची आहे. पत्रात 'एक्सक्लूजन ०५' एवढंच लिहिलंय. म्हणजे काय?

क्लेमवाला
आंघोळ घालणं, कपडे बदलणं, उठवणं-बसवणं अशी घरी किंवा नर्सिंग होममध्ये घेतलेली रोजची देखभाल. ती नर्सने केली काय आणि बाईने केली काय, त्या कलमाने वगळली आहे. हे कलम इर्डाच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, ठरावीक मसुद्यातलं आहे, म्हणून कंपनी बदलूनही तेच वाचायला मिळेल. बाईच्या पैशांसाठी विमा लोकपालाकडे तक्रार नेण्यात अर्थ नाही. पण फिजिओचं वेगळं. डिस्चार्जनंतरचे ६० किंवा ९० दिवस, तुमच्या पॉलिसीत असतील तितके, त्याच आजाराचा खर्च मिळतो. डॉक्टरांची चिठ्ठी आणि प्रत्येक बिल लावून स्वतंत्र क्लेम टाका. आणि डिस्चार्जची तारीख अजून सांगितली नाहीत.

मेघना_नाशिक
महिना होत आला. फिजिओची चिठ्ठी आहे.

क्लेमवाला
मग उशीर करू नका.

फ्रँकफर्टकर
आमच्याकडे जर्मनीत १९९५ पासून काळजी विमा सक्तीचा आहे. पगारातून कापला जातो, साधारण निम्मा वाटा मालकाचा. माणूस किती परावलंबी आहे ते तपासून १ ते ५ श्रेणी देतात. घरच्यांनीच सांभाळलं तर तिसऱ्या श्रेणीला महिन्याला ५९९ युरो रोख मिळतात. शेजारच्या आजींची मुलगी ते घेते. आपल्याकडे हे कुणी मागतच नाही.

मेघना_नाशिक
चांगलं आहे, पण मी नाशिकला आहे.

गावाकडचा
बाई कशाला? आमच्या आजीचं सगळं घरच्यांनीच केलं. सात वर्षं.

रानजाई
घरच्यांनी म्हणजे कुणी? सुनेनेच ना? सात वर्षं तिची नोकरी, तिची कंबर, याचा हिशेब कुणी धरला? ताई नोकरी सोडून बसल्या तर त्या ऑफिसची पॉलिसीही जाईल, हे लक्षात घ्या.

गावाकडचा
माझ्या आईने कधी तक्रार केली नाही.

रानजाई
त्यांना कुणी विचारलंही नसेल.

सिस्टर_कोल्हापूर
धागा भरकटतोय. एअर बेड असला तरी दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाडाला आणि टाचांना आधी जखम होते. चादरीची घडी राहिली तरी कातडी लाल पडते. रात्रीच्या बाईला हे दाखवून ठेवा, सांगून भागत नाही.

पॉलिसीमित्र
क्रिटिकल इलनेसची, म्हणजे गंभीर आजाराची पॉलिसी काढा. झटक्याला एकरकमी पैसे मिळतात, ते बाईवर खर्च करता येतात.

क्लेमवाला
आता झटका येऊन गेल्यावर? ती पॉलिसी ताईंनी आणि भावाने स्वतःसाठी घ्यावी. आईंची आधीची असेल तर मात्र कपाट शोधा. तीन महिन्यांनंतरही हातपाय गेलेलेच आहेत असा डॉक्टरांचा दाखला लागतो.

हिशेबनीस
कराचा विषय कुणीच काढला नाही. सिव्हिल हॉस्पिटलमधून अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) काढा. ४० टक्के किंवा जास्त असेल तर सांभाळणाऱ्याला आयकरात ७५ हजारांची, ८० टक्क्यांपासून पुढे सव्वा लाखाची वजावट. खर्च कितीही होवो, रक्कम ठरलेली. अटी दोन: जुनी करप्रणाली हवी, आणि आई मुख्यतः तुमच्यावर अवलंबून हव्यात. भाऊ जुन्या प्रणालीत असेल आणि खर्च खरोखर तोच उचलणार असेल, तर त्याला हे दाखवा. दर महिन्याला बँकेतून पैसे पाठवायला त्याला कारण मिळेल.

मेघना_नाशिक
हे कुणीच सांगितलं नव्हतं. दाखल्यासाठी आईला तिथे न्यावंच लागेल का? आणि तिला बाबांची फॅमिली पेन्शन आहे, मग अवलंबून धरतात का?

हिशेबनीस
पेन्शन किती ते लिहा. आणि भाऊ कुठल्या करप्रणालीत आहे ते आधी विचारा.