मदत हवी आहे: टास्मानियन डेव्हिलच्या ट्यूमर पेशींच्या डेटात बी२एम येतंय, ते डेव्हिलचं की गायीचं?

मास स्पेकवाले (वजनावरून प्रोटिन्स ओळखणारं मशीन वापरणारे) कोणी असाल तर प्लीज बघा जरा.

टास्मानियन डेव्हिलच्या (ऑस्ट्रेलियातला एक मांसाहारी प्राणी) चेहऱ्यावरच्या, एकाकडून दुसऱ्याला लागणाऱ्या कॅन्सरवर काम करतेय, डीएफटी१, १९९६ मध्ये पहिल्यांदा दिसला तो. व्हायरस वगैरे काही नाही, चावताना जिवंत कॅन्सर पेशीच एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जातात (आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांमध्येही असला एक कॅन्सर असतो, फक्त तो समागमातून पसरतो). परक्या पेशी असून शरीर त्यांना हाकलत नाही, कारण त्यांच्यावर एमएचसी क्लास १ (पेशीवरची ओळखखूण, जी बघून शरीर आपलं-परकं ठरवतं) जवळपास नसतंच. बी२एमसारखी (बी२एम म्हणजे एमएचसी क्लास १ चाच एक छोटा भाग) जीन्स बिघडलेली नाहीत, नुसती गप्प केलीयेत, इंटरफेरॉन गॅमा (रोगप्रतिकारशक्तीचं एक संदेश देणारं प्रोटीन) दिलं की परत बोलायला लागतात.

आता घोळ असा की गॅमा दिलेल्या सॅम्पलमध्ये बी२एम मस्त येतंय पण साध्यातही (गॅमा न दिलेल्यात) त्याचं एक पेप्टाइड (प्रोटीनचा तुकडा) डोकावतंय. मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) १० टक्के एफबीएस (गायीच्या गर्भाचं सीरम) आहे आणि गायीच्या सीरममध्ये गायीचं बी२एम असतंच. नुसती डेव्हिलची फास्टा (प्रोटीन सीक्वेन्सची फाइल) लावली की मॅक्सक्वांट (डेटा शोधणारं सॉफ्टवेअर) ते डेव्हिलच्या नावावर टाकतं, गायीची जोडली की तोच स्पेक्ट्रम जास्त स्कोअरने गायीकडे जातो. गाईड म्हणतात काढून टाक आणि पुढे जा. काढेन हो, पण मग 'साध्या पेशींत बी२एम नाही' असं लिहू का? एवढंसं प्रोटीन, मुळात पेप्टाइड्स मोजकीच, मशीनला दिसलं नाही म्हणजे नाहीच असं कसं म्हणायचं?

आणि डीएफटी२ (असाच दुसरा कॅन्सर, २०१४ चा, वेगळ्याच डेव्हिलपासून सुरू झालेला) त्याच्यावर एमएचसी असतं, तर तो पॉझिटिव्ह कंट्रोल (जिथे बी२एम दिसायलाच हवं असं सॅम्पल) म्हणून चालेल का?

---

प्रतिसाद:
दोन्ही फास्टा एकत्रच लावा, फक्त डेव्हिलला युनिक असलेली पेप्टाइड्स धरा. पेशी न घालता नुसता मीडिया तसाच इनक्युबेटरमध्ये ठेवून तोही रन करा, तिथे हेच पेप्टाइड आलं तर गाय सापडली. पेशी पीबीएसने (मिठाच्या बफरने) दोन-तीनदा धुवा, घाई करू नका, सीरमची प्रोटिन्स चिकटून बसतात.
'नाही' लिहायचंच असेल तर डीडीएवर (मशीन जे ठळक दिसेल तेच निवडतं ती पद्धत) लिहू नका. डेव्हिल बी२एमची दोन हेवी लेबल पेप्टाइड्स (जड आयसोटोप घालून बनवलेली, तुलनेसाठी) मागवून पीआरएम (ठरावीक पेप्टाइड्सच शोधून मोजायची पद्धत) करा, मग 'अमुक पातळीच्या खाली' असं आकड्यात मांडता येतं. डीएफटी२ चालेल, पण तुमची गॅमावाली तीच सेल लाइन जास्त बरी.

---

नुसत्या मीडियाचं डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद! हेवी पेप्टाइडच्या खर्चाचं गाईडना तुम्हीच सांगा आता :)