महाविद्यालयीन जॅझ वाद्यवृंदाचा पहिला अल्बम: सर्वांनी एकत्र वाजवावे की एकेकाने?

आयर्विनपूल:
नमस्कार. सांगलीतील एका महाविद्यालयात आम्ही आठ विद्यार्थी दोन वर्षांपासून जॅझ वाजवत आहोत. दोन ट्रंपेट, आल्टो आणि टेनर सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, की-बोर्ड, बेस गिटार आणि ड्रमसेट असा आमचा संच आहे. मी स्वतः आल्टो वाजवते. पहिला ट्रंपेट वाजवणारा आमचा मित्र मिरजेतील बँडवाल्यांच्या घरातला आहे आणि तुळशीचे लग्न लागले की त्याच्या सुपाऱ्या सुरू होतात, म्हणून त्याआधीचे दोन दिवस आम्ही वर्गणी काढून स्टुडिओ ठरवला आहे.

तेथील रेकॉर्डिस्ट अनुभवी आहेत, पण त्यांचे बहुतेक काम भजने आणि भक्तिगीते यांचे असते. आधी क्लिक (लय दाखवणारी यांत्रिक टिकटिक) लावायचा, त्यावर ड्रम, मग बेस, मग एकेक वाद्य, अशी त्यांची पद्धत आहे. त्याप्रमाणे आम्ही एक रचना करून पाहिली. प्रत्येकाचे वाजवणे सुटे ऐकले तर बिनचूक होते. मात्र सगळे जोडून ऐकल्यावर तालमीत अंगात भिनणारी लय त्यात कुठेच सापडली नाही. आम्ही एकत्र वाजवण्याचा आग्रह धरावा का? आणि जुन्या अमेरिकी रचना घ्यायच्या झाल्यास परवानगीचे काय करावे?

तंबोऱ्याचीजवारी:
आग्रह जरूर धरा. भजनात ठेका ठरलेला असतो आणि गायक त्यावर स्वार होतो, त्यामुळे तेथे एकेकाचे मुद्रण चालून जाते. जॅझमध्ये मात्र सॅक्सोफोनवाल्याने एक वाक्य टाकले की ड्रमवाला त्याला तिथल्या तिथे उत्तर देतो, आणि ते उत्तर ऐकूनच पुढचे वाक्य सुचते. काल मुद्रित झालेला ड्रम तुम्हाला आज उत्तर देणार नाही. शिवाय या संगीतातील झोल, म्हणजे ‘स्विंग’, मात्रेच्या दोन असमान भागांत असतो: पहिला भाग लांब, दुसरा आखूड. मध्यम लयीत हे प्रमाण दोनास एकच्या आसपास राहते आणि लय वाढत जाईल तसे दोन्ही भाग समान होऊ लागतात. हे प्रमाण क्लिक सांगू शकत नाही, ते एकमेकांचे ऐकूनच जुळते.

अमेरिकी जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा अल्बम 1959 मध्ये न्यूयॉर्कमधील एका जुन्या चर्चच्या इमारतीत थाटलेल्या स्टुडिओत, 2 मार्च आणि 22 एप्रिल अशा दोनच दिवसांत मुद्रित झाला आणि वादक तेथे एकत्र बसूनच वाजवत होते.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट सोयीची आहे. की-बोर्ड आणि बेस गिटार यांची वायर थेट मिक्सरला जाते, म्हणजे खोलीत त्यांचा आवाजच होत नाही. एकमेकांच्या माइकमध्ये शिरण्याचा प्रश्न उरतो तो फक्त ड्रम आणि फुंकीच्या पाच वाद्यांचा. ड्रम कोपऱ्यात ठेवून मागे गाद्या उभ्या करा, खाली जाड सतरंजी अंथरा आणि बाकीच्यांनी अर्धवर्तुळात असे उभे राहा की प्रत्येक माइकची पाठ ड्रमकडे येईल. हेडफोन एकाच कानावर ठेवा, दुसरा कान खोलीसाठी मोकळा राहू द्या.

काळीपाच:
मी चाळीस वर्षे ट्रंपेट वाजवतो आहे. वरील मत मला मान्य आहे, मात्र त्याची किंमत आधी समजून घ्यावी. एकत्र वाजवताना एकाचा सूर चुकला तर तो सर्वांच्या माइकमध्ये उतरतो आणि नंतर काढता येत नाही; पूर्ण रचना पुन्हा वाजवावी लागते. वर दिलेले उदाहरण त्या काळातल्या अव्वल वादकांचे आहे. त्यावरून तालीम कमी केली तरी भागते, असा अर्थ विद्यार्थ्यांनी काढू नये. स्टुडिओत पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्येक रचना कागद न पाहता सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजली पाहिजे.

ट्रंपेटवाल्याचे ओठ ही त्या दोन दिवसांतील सर्वांत नाजूक वस्तू आहे. उंच पट्टीचे काम सकाळी, ओठ गरम झाल्यावर पहिल्या दोन तासांत उरका आणि संथ रचना जेवणानंतर घ्या. एका रचनेचे तीन टेक, म्हणजे मुद्रणाचे तीन प्रयत्न, झाले की थांबा, चौथा टेक सहसा थकलेलाच येतो. घरघर नको म्हणून टेकच्या वेळी एसी बंद करतात, खोली तापते, आणि हवा तापली की फुंकीच्या वाद्यांचा सूर चढतो. की-बोर्डचा मात्र जिथल्या तिथे राहतो. म्हणून प्रत्येक टेकपूर्वी की-बोर्डशी सूर मिळवून घ्या.

तुमच्या बँडवाल्या मित्राबद्दल थोडे सांगतो, कारण मीही त्याच वाटेने आलो. आम्ही काळी-पांढरीच्या भाषेत शिकतो आणि बोलायची सवय पेटीच्या पट्टीची असते, पण ट्रंपेट काळी पाचचा आणि आल्टो काळी दोनचा असतो, म्हणजे त्यांनी आपली पांढरी एक वाजवली की पेटीवरची ती काळी पट्टी ऐकू येते. की-बोर्डवाला पांढरी चार म्हणतो तेव्हा त्याच सुरासाठी ट्रंपेटला आपली पांढरी पाच आणि आल्टोला पांढरी दोन वाजवावी लागते. तालमीत होणारा निम्मा गोंधळ येथेच होतो. प्रत्येक वाद्याला त्याच्या पट्टीत बदललेला स्वतंत्र कागद द्या, आणि तुमच्या मित्राला तो सरगमात लिहून द्या. त्यात कमीपणा काही नाही.

हरिपूररस्ता:
परवानगीविषयी. कॉपीराइट कायदा, 1957 यातील कलम 31सी प्रमाणे एखाद्या रचनेच्या पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षांनी तिचे कव्हर, म्हणजे आपल्या वादनातले नवे मुद्रण, करता येते, पण आधी सूचना द्यावी लागते आणि दरवर्षी किमान 50,000 प्रतींच्या हिशेबाने मानधन आगाऊ भरावे लागते. वर्गणी काढून अल्बम करणाऱ्या मुलांसाठी हा भार मोठा आहे.

मला वेगळेच सुचवायचे आहे. अमेरिकी वादक ज्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात त्यातील कितीतरी रचना मुळात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरील संगीत नाटकांतली पदे आहेत: रंगभूमीवर लोकप्रिय झालेली चाल घ्यायची, एकदा सरळ वाजवायची आणि मग तिच्यावर विस्तार करायचा. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये ज्या गावात नाटक उभे केले आणि जेथे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर जन्मले, त्या सांगलीत चालींचा तुटवडा कसा असेल? 1911 च्या ‘संगीत मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या. त्यांचे निधन 1955 मध्ये झाले आणि आपल्याकडे रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क टिकतो, म्हणजे 2015 च्या अखेरीस तो संपला. त्या चाली तुम्ही निर्धास्तपणे वाजवा. कोणाच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेचा तुकडा मात्र उचलू नका, कारण त्या मुद्रणाचा हक्क वेगळा असतो.

आयर्विनपूल:
सर्वांचे मनापासून आभार. काल महाविद्यालयाच्या सभागृहात अर्धवर्तुळात उभे राहून मोबाइलवर चाचणी मुद्रण केले. पहिल्या वेळी ट्रंपेटखाली की-बोर्ड पूर्ण दबला; दोन्ही ट्रंपेट सहा फूट मागे घेऊन त्यांची तोंडे पडद्याकडे वळवली, तेव्हा डाव्या हाताचे खालचे सूरही ऐकू आले. ‘मानापमान’मधील ‘युवती मना’ची चाल मित्राने सरगमातल्या कागदावरून ट्रंपेटवर सरळ वाजवली आणि दुसऱ्या आवर्तनात ड्रमवाल्याने झांजेवर झोल धरला, तसा तो कागद खाली ठेवून स्वतःच पुढे वाजवू लागला. त्याचे पुढचे चार मिनिटांचे वाजवणे आम्ही रात्री रेकॉर्डिस्टकाकांना ऐकवले. त्यांनी ते दोनदा ऐकले आणि गाद्या किती लागतील, एवढेच विचारले.