कोकणात जुन्या लोहमार्गासारखा सायकलमार्ग मिळेल का? सड्यांवरील कच्च्या वाटांविषयी मार्गदर्शन हवे आहे

भाट्येकर (प्रश्न)

नमस्कार. मी रत्नागिरीत राहतो, वय 54. गेली सहा वर्षे नियमितपणे सायकल चालवतो. गेल्या वर्षी मुलीकडे न्यूझीलंडला गेलो असताना ओटागो सेंट्रल रेल ट्रेल या मार्गावर तीन दिवस सायकल चालवण्याचा योग आला. 1990 साली बंद पडलेल्या लोहमार्गाचे रूळ काढून तेथे बारीक खडी पसरली आहे आणि सुमारे 150 किलोमीटरचा तो मार्ग 2000 सालापासून पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी खुला आहे. मुलूख डोंगराळ असला तरी चढ अंगावर येत नाही, कारण वाफेच्या इंजिनाला झेपेल इतपतच चढ ठेवून तो मार्ग मुळात आखला गेला होता.

परत आल्यापासून मनात एकच विचार घोळतो आहे, की आपल्याकडे असे काही आहे का. कोकण रेल्वेलगतच्या कच्च्या रस्त्यांवरून असा प्रवास करता येईल का? नसल्यास डांबरी रस्ता आणि वाहनांची वर्दळ टाळून मातीच्या किंवा जांभ्याच्या वाटांनी दिवसभरात 50 ते 60 किलोमीटर जाता येईल असा मार्ग कोणी सुचवू शकेल का? माझ्या सायकलला 38 मिलिमीटर रुंदीचे टायर आहेत. चढाची भीती नाही, परंतु गुडघ्याच्या दुखण्यामुळे दिवसभर खडे चढ चढणे आता जमत नाही.

सड्यावरचा

आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर नकारार्थी आहे. ते का, हे समजले की पुढचा मार्ग आपोआप सुचतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला, म्हणजे हा लोहमार्ग अगदी अलीकडचा आहे आणि त्याचा कोणताही भाग टाकून दिलेला नाही. रुळांच्या कडेने किंवा बोगद्यातून जाणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि कारबुड्यासारख्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या बोगद्याचा विचार केला तर त्यातील धोका वेगळा सांगायला नको. बांधकामाच्या काळात बोगद्यांच्या तोंडापर्यंत आणि पुलांच्या पायथ्यापर्यंत साहित्य नेण्यासाठी रस्ते काढावे लागले होते. त्यांपैकी जे आज गावकऱ्यांच्या वापरात आहेत, त्यांवरून जाता येते, परंतु त्यांची आशा धरू नये. रेल्वेने आपला चढ 150 फुटांना 1 फूट इतका सौम्य राखला, तो डोंगर पोखरून आणि दऱ्यांवर पूल बांधून. पानवल नदीवरचा पूल 64 मीटर उंच आहे. रूळ त्या पुलावरून सरळ पुढे जातो आणि आपला रस्ता मात्र दरीच्या तळाशी उतरून पुन्हा वर चढतो. लोहमार्गाला चिकटून गेल्याने लोहमार्गाचा सपाटपणा आपल्या वाट्याला येत नाही.

आता मुख्य मुद्दा. सह्याद्रीतून निघणाऱ्या आपल्या सगळ्या नद्या पश्चिमेला समुद्राकडे धावतात, आणि त्यांनी जांभ्याचे पठार कापून त्याचे वेगवेगळे सडे, म्हणजे माथ्यावरचे सपाट कातळी भाग, केले आहेत. आपण उत्तर-दक्षिण जाऊ लागलो, की प्रत्येक खाडीशी उतरायचे आणि पलीकडे पुन्हा तेवढेच चढायचे. दिवसात तीन खाड्या ओलांडल्या तर गुडघे बोलू लागतात. याउलट एकदा सड्यावर चढून दोन खाड्यांच्या मधल्या पठारावर पूर्व-पश्चिम फिरलो, तर मैलोन्‌मैल जवळजवळ सपाट भूमी मिळते. आपण न्यूझीलंडमध्ये जे अनुभवले, ते कोकणात सड्यावर मिळते. म्हणून मार्ग किलोमीटरवर न ठरवता आपण किती खाड्या ओलांडणार आहोत यावर ठरवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्यासाठी सुरुवात घराजवळच आहे. भाट्याचा पूल ओलांडून फणसोप-गोळपच्या बाजूने सड्यावर चढावे. काजळी आणि मुचकुंदी या दोन नद्यांच्या मधला हा भाग आहे. मुख्य रस्ता डांबरी आहे, परंतु त्याला वाड्यांकडे, आंबा-काजूच्या बागांकडे आणि चिरेखाणींकडे फुटणारे लाल रस्ते पुष्कळ आहेत. ते एकमेकांना जोडत पावसपर्यंत जावे आणि तसेच परत यावे. दुसऱ्या खेपेस पूर्णगडचा पूल ओलांडून गावखडीवरून कशेळी-आडिवरेच्या सड्यावर जावे. कशेळीला कनकादित्याचे मंदिर आहे आणि सड्यावर कोरलेला अतिभव्य हत्ती आहे. कातळशिल्पांवर सायकल किंवा पाऊल चुकूनही पडू देऊ नये. सायकल दूर ठेवून कडेकडेने पाहावे.

खाडीकाठ

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे, फक्त चिरेखाणींविषयी अधिक ठामपणे सांगणे मला आवश्यक वाटते. गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मी एका सड्यावरून जात असताना कमरेएवढ्या वाळलेल्या गवतातून जाणारी चाकोरी अचानक संपली आणि समोर बंद पडलेली खाण होती. तिच्या कडा भिंतीसारख्या ताशीव होत्या, तळाशी पावसाचे हिरवे पाणी साचलेले होते आणि भोवती कुंपण किंवा साधा दगडही नव्हता. मी ब्रेक लावला तेव्हा पुढचे चाक कड्यापासून दोन हातांवर होते, आणि टायरखालून निसटलेले जांभ्याचे खडे पाण्यात पडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. गवत कापून होईपर्यंत, म्हणजे साधारण डिसेंबरच्या मध्यापर्यंत, सड्यावर अनोळखी चाकोरीत वेगाने जाऊ नये.

जांभ्याच्या पृष्ठभागाविषयीही थोडे. जेथे कातळ उघडा आहे तेथे पकड उत्तम मिळते, पण त्यावर वाटाण्याएवढे गोल खडे पसरलेले असतील तर वळणावर चाक गोट्यांवरून घसरल्यासारखे निसटते. अशा ठिकाणी वळण्याआधीच वेग कमी करावा, वळताना पुढचा ब्रेक दाबू नये. पावसाळ्यात त्याच कातळावर शेवाळ धरते आणि तेथे चालणेही कठीण होते, म्हणून जून ते ऑक्टोबर सडे टाळावेत. टायर 40 मिलिमीटरच्या पुढचे असावेत आणि शक्य असल्यास ट्यूबलेस, कारण करवंदीचे काटे कोणालाही सोडत नाहीत.

राजापूरवासी

मी राजापूर तालुक्यातील आहे. आमच्याकडचे सडे सायकलसाठी फार सुंदर आहेत, परंतु येथे येणाऱ्यांनी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात.

पहिली गोष्ट अशी की सडा मोकळा दिसला तरी तो बेवारस नसतो. बहुतेक जमीन खासगी मालकीची, अनेकदा सामाईक असते. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, बेडे (बांबूंचे फाटक) असेल तर त्याचे आडवे बांबू सरकवून आत जाण्यापूर्वी जवळच्या घरी विचारावे आणि बाहेर पडताना बांबू पुन्हा होते तसे लावावेत. एक बांबू खाली राहिला तर गुरे बागेत शिरतात आणि त्या घराचे वर्षाचे नुकसान होते. शिवाय 2023 साली बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी होणाऱ्या माती परीक्षणावरून मोठे आंदोलन झाले, त्यामुळे हातात यंत्र घेऊन सड्यावर फिरणाऱ्या अनोळखी माणसाकडे लोकांनी संशयाने पाहिले तर त्यांचा दोष मानू नये. आधी गावात जाऊन देवळापाशी किंवा दुकानात चार शब्द बोलावेत, आपण कोण आणि कशासाठी आलो हे सांगावे. मग तेच लोक वाट दाखवतात आणि ताकही देतात.

दुसरी गोष्ट दिशेची. देवाचे गोठणे येथील कातळशिल्पापाशी होकायंत्राची सुई भरकटते. तेथे दिशा पाहायची तर सूर्य आणि समुद्र पाहावा, किंवा आधीच उतरवून घेतलेल्या नकाशावरील स्वतःच्या जागेवर विसंबावे.

पाणी प्रत्येकी किमान तीन लिटर घ्यावे. सड्यावर झाड नाही आणि विहीर वाडीतच असते.

खेडचा प्रवासी

लोहमार्ग नाही, पण जुन्या रस्त्याचा एक पर्याय सुचवतो. कशेडी घाटाखालील बोगदा 2023 पासून वापरात आल्यावर पोलादपूर आणि खेड यांच्यामधील घाटाच्या जुन्या रस्त्यावरची वर्दळ बरीच कमी झाली आहे. पृष्ठभाग डांबरी आहे आणि चढ लांब असला तरी मूळ महामार्गाचा असल्याने एका लयीत चढता येतो. पहाटे निघाल्यास उत्तम. खंडाळ्याजवळ बोरघाटातील लोहमार्गाच्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनची (जेथे गाडीची दिशा उलटवली जाई) जागा आहे, परंतु तो सायकलमार्ग नव्हे, म्हणून केवळ त्यासाठी येथून तिकडे जाण्याचा सल्ला मी देणार नाही.

भाट्येकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रविवारी पहाटे पावणेसहाला निघून गोळपच्या सड्यावरून पावसपर्यंत जाऊन आलो. एकूण 43 किलोमीटर झाले, त्यांपैकी सुमारे 17 किलोमीटर लाल मातीचे आणि कातळाचे होते. भाट्याहून सड्यावर येणारा एक चढ सोडला तर गुडघ्याने तक्रार केली नाही, त्यामुळे खाड्या मोजण्याचा नियम मला पटला. टायरमधील हवा 50 पीएसआय ठेवून निघालो होतो, तेव्हा खड्यांवर सायकल सतत उडत होती. 36 पर्यंत उतरवल्यावर तीच वाट सुसह्य झाली. दोन खाणी दिसल्या, दोन्हींना कुंपण नव्हते. एका बागेपाशी राखणदाराला विचारले, तेव्हा त्यांनी पलीकडच्या वाडीतून मुख्य रस्त्याला मिळणारी पाणंद दाखवली, जी नकाशात मुळीच नाही.

कशेळीचा मार्ग डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी, गवत कापून झाल्यावर करणार आहे. गावखडीपर्यंत गाडीने सायकल नेऊन तेथून सड्यावर चढेन, म्हणजे त्या दिवशी एकही खाडी ओलांडावी लागणार नाही. कोणी सोबत येणार असल्यास येथेच कळवावे.