मुठेचं पाणी पुढे कुठे जातं?

कुणीतरी लिहिलंय की भीमेचा पुणे शहराशी काही संबंध नाही. कसा नाही? संगम पुलापाशी मुळा-मुठा एक होतात, रांजणगाव सांडसला भीमेत मिसळतात. म्हणजे आपलं सांडपाणी थेट उजनी धरणात! (तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते, हे तर सगळ्यांनाच माहीत.)

इतिहासाचं म्हणाल तर तुळापूर आहेच, भीमा-इंद्रायणीच्या संगमावर. पण सोलापूर जिल्ह्यातलं, भीमेकाठचं माचणूर फारसं कुणी बघत नाही. तिथेच, मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ पासून काही वर्षं होती. माचणूरचा किल्ला नदीला अगदी चिकटून आहे, शेजारीच सिद्धेश्वराचं देऊळ, खाली दगडी घाट. सोलापूरला गेलात तर वाकडी वाट करून जाच, मात्र पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या जपून उतरा.