आशा सेविकांना व्यवसायकौशल्ये शिकवताना सुरुवात कशापासून करावी?

प्रश्न (कळवा, ठाणे)
शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील आशा स्वयंसेविका, गटप्रवर्तक (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या) आणि आरोग्यसेविका यांच्यासाठी दोन दिवसांच्या उद्योजकता कार्यशाळेचा आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. व्यवस्थापनाच्या पुस्तकांतील बाजारपेठ, भांडवल, नफा हे शब्द जसेच्या तसे तिथे नेले, तर बाळंतपणामागे आणि गृहभेटींमागे मोजून मोबदला मिळणाऱ्या बायकांसमोर मीच हास्यास्पद ठरेन. दुसरीकडे, हिशेब, नियोजन आणि वाटाघाटी त्यांना शिकवूच नयेत, असेही म्हणवत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १ (नेरूळ)
नफा बाजूला ठेवा आणि दुर्मीळ काय आहे, इथून सुरू करा. मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये अवघ्या ११ खाटांवर सुरू केले. तिथे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा वेळ सर्वांत मोलाचा मानला गेला. म्हणून एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असतानाच शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार ठेवण्याची पद्धत बसवली गेली, आणि पैसे देणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून मोफत उपचारांचा भार उचलला गेला. उपकेंद्रात दुर्मीळ असतो तो सेविकेचा वेळ. लसीकरणाच्या एका दिवसाचे तास प्रत्येकीला लिहून काढू द्या. तीच माहिती किती नोंदवह्यांत उतरवावी लागते, हे कागदावर दिसले की पुढची चर्चा आपोआप रंगते.

उत्तर २ (शहापूर, गटप्रवर्तक)
थोडा मतभेद नोंदवते. आशा विक्री करतच आल्या आहेत, फक्त त्याला कोणी व्यवसाय म्हटले नाही. २०११ च्या सुमारास घरपोच गर्भनिरोधकांची योजना आली, तेव्हा तीन निरोधांच्या पाकिटाला १ रुपया, गोळ्यांच्या एका पाकिटाला १ रुपया आणि तातडीच्या गोळीला २ रुपये घ्यायचे ठरले होते. सहा सॅनिटरी नॅपकिनचे पाकीट ६ रुपयांना विकले की त्यातला १ रुपया आशाचा. साठा किती मागवायचा, मुदत कधी संपते, उधारी कशी लिहायची, हे सगळे या एका पाकिटावर शिकवता येते. भाऊ घरात असताना मुलगी पाकीट घेत नाही, हे आशाला ठाऊक असते. ग्राहक ओळखणे याहून वेगळे ते काय?

मात्र एक मर्यादा पहिल्याच तासाला सांगा. खासगी कंपनीचे टॉनिक किंवा पाण्याचे फिल्टर कमिशनवर विकण्याचा मार्ग कुणीही सुचवू नये. घराचे दार तिच्यासाठी विश्वासाने उघडते आणि सल्ला कुठे संपला, विक्री कुठे सुरू झाली, हे समोरच्या बाईला कळत नाही.

उत्तर ३ (ठाणे)
दुसऱ्या दिवसासाठी गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीचा अबंधित निधी, म्हणजे ठरावीक कामाला बांधून न दिलेला पैसा, सरावासाठी घ्या. वर्षाला १०,००० रुपये ही रक्कम लहान असल्यामुळेच सरावाला उत्तम आहे: तीन दुकानांतून दरपत्रके आणणे, ठराव लिहिणे आणि खर्चाचा तपशील ग्रामसभेत सांगणे. वाटाघाटी शिकवायच्या असतील, तर सरपंचांची भूमिका तुम्ही स्वतः करा आणि सहज होकार देऊ नका.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. पहिली दुपार नॅपकिनच्या साठ्याच्या हिशेबाला देते आणि ‘नफा’ हा शब्द आराखड्यातून काढते. उत्तर २ मधील ताईंना विनंती, की उधारीची एखादी कोरी वही नमुन्यासाठी पाठवता येईल का?