जुन्या वर्तमानपत्री कॉमिक स्ट्रिपा: बिल्ले जमवावे की कागद?

पऱ्हाटी (आर्वी तालुका)
माझं मत सरळ आहे. आपल्या भागात हा छंद करायचा तर कागदाच्या नादी लागू नका, बिल्ले घ्या. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' वर्तमानपत्रात चित्रकार रिचर्ड आउटकॉल्टचा 'यलो किड' गाजला. टकलू पोरगं, मोठाले कान, अंगात पिवळा झगा आणि त्याचं बोलणं त्या झग्यावरच लिहिलेलं. पुढच्याच वर्षी हर्स्ट या दुसऱ्या वर्तमानपत्राच्या मालकानं आउटकॉल्टला आपल्या 'जर्नल'मध्ये ओढलं. त्याच सुमारास हाय ॲडमिरल सिगारेटवाल्यांनी या पोराचे बिल्ले काढले: पत्र्याची चकती, वर छापील कागद, त्यावर सेल्युलॉइडचा पापुद्रा. ते अजून मिळतात.

वर्तमानपत्र मात्र लाकडाच्या लगद्याचं. आतल्या लिग्निननं (लाकडातल्या एका घटकानं) ते पिवळं पडतं, आम्लानं कुरकुरीत होतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, त्यात टिनाचं छप्पर. पान उघडायला जावं तर घडीवरच तुटतं. पूर्वी कागद चिंध्यांचा, म्हणजे बराचसा आपल्या कापसाचाच असायचा आणि टिकायचा. स्ट्रिपा आल्या त्या नेमक्या लगदा आल्यावर!

कोठीवाला
कायले डॉलर पाठवू राह्यला भाऊ? कपाशीले भाव नाही, सोयाबीनचं तं बोलूच नको. अन् त्या बिल्ल्यात स्ट्रिप हाये कुठं? सिगारेटची जाहिरात हाये ते.

पऱ्हाटी
जाहिरात आहेच. पण छापील पोरगं विडी-काडीच्या धंद्यात कसं उतरलं, ते त्या बिल्ल्याशिवाय कळत नाही. पैसे माझे आहेत, कर्ज काढलेलं नाही.

उमरेडकर
पैशाचं राहू द्या. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज. ते उष्णतेनंच बिघडतं आणि पेटही घेतं. शिवाय पावसाळ्यात ओल आत शिरली की पत्रा गंजतो, चित्रावर तपकिरी डाग येतात आणि ते निघत नाहीत. कागदाला निदान आम्लमुक्त पाकीट आणि अंधार देता येतो. फक्त खोके जमिनीला टेकवू नका, उधई लागते.

कोठीवाला
मंग स्कॅन करा न बापा! ना उधई, ना गंज.

वाचनालयवाली ताई
हेच अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी केलं होतं. मायक्रोफिल्म, म्हणजे पानांचे बारीक फोटो काढले आणि मूळ अंक काढून टाकले. फिल्म कृष्णधवल! १९०५ पासून 'हेरल्ड'मध्ये येणारा विन्सर मकेचा 'लिटल निमो' अख्ख्या पानभर रंगीत असायचा, तो त्यात करडा झाला. बिल ब्लॅकबिअर्ड नावाच्या माणसानं असे टाकून दिलेले अंक सॅन फ्रान्सिस्कोत स्वतःच्या घरी भरले. १९९८ मध्ये तो साठा ओहायो स्टेट विद्यापीठाकडे गेला तेव्हा वजन ७५ टन भरलं. म्हणून स्कॅन जरूर करा, पण कागद फेकू नका.

आणि पऱ्हाटीभाऊ, न्यूयॉर्कच्या पोराइतकाच आपला 'चिंटू' मोलाचा नाही का? चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू १९९१ पासून 'सकाळ'मध्ये येत होता. पुण्याला शिकायला गेलेल्या पोरांच्या सामानाबरोबर ते अंक गावात यायचे, त्यात चपला गुंडाळलेल्या. ते कोण जमवतंय?

पऱ्हाटी
ताई, हे पटलं. चिंटू सुरू करतो. पण कात्रणंच ठेवीन, अख्खं पान ठेवायला माझ्याकडे जागा नाही.

उमरेडकर
मग वरची तारखेची पट्टी कापून टाकू नका. आणि फेविकॉल तर अजिबात लावू नका.