नेरेवारला कोणी मारलं? मॉरोविंडचा इतिहास आणि ट्रिब्युनलची साक्ष

लालडोंगर
'एल्डर स्क्रोल्स' या व्हिडिओ गेम मालिकेतला मॉरोविंड (२००२) तिसऱ्यांदा पुरा केला. या वेळी तलवार कमी चालवली आणि खेळात ठिकठिकाणी पडलेली पुस्तकं जास्त वाचली. आता माझं मत पक्कं झालंय. नेरेवारचा खून झाला आणि तो त्याच्या सगळ्यात जवळच्या तिघांनी केला.

ज्यांनी खेळ खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुढे कथा उघड होणार आहे. व्हार्डनफेल बेटाच्या मधोमध रेड माउंटन हा ज्वालामुखी. पहिल्या युगाच्या ७०० साली तिथे चाइमर आणि ड्वेमर या दोन एल्फ जमातींची शेवटची लढाई झाली. ड्वेमरांना डोंगराच्या पोटात लॉर्कन देवाचं हृदय सापडलं होतं आणि त्यातली शक्ती काढायला त्यांच्या कॅग्रेनॅकने तीन अवजारं घडवली होती. लढाईत ड्वेमर एकजात नाहीसे झाले. चाइमरांचा सेनापती नेरेवारही गेला. त्यानंतर त्याची बायको अल्मालेक्सिया आणि त्याचे सल्लागार सोथा सिल व व्हिवेक हे तिघं जिवंत देव झाले. त्यांनाच ट्रिब्युनल म्हणतात.

टेंपल, म्हणजे या तिघांची पूजा करणारं धर्मपीठ, सांगतं, नेरेवार जखमांनी मेला आणि तिघांना देवत्व त्यांच्या पुण्याईने मिळालं. राखाड माळांवर फिरणारे ॲशलँडर सांगतात, तिघांनी त्याला मारलं, हृदयाची शक्ती चोरली आणि म्हणून अझुरा देवीने सगळ्या जमातीला शाप दिला. राखेसारखी कातडी आणि लाल डोळे तेव्हापासूनचे, चाइमरांचे डनमर झाले ते तेव्हाच.

माझा पुरावा ॲशलँडरांकडचा नाही, खुद्द व्हिवेकचा आहे. त्याच्या छत्तीस प्रवचनांपैकी एकोणतिसाव्यात आकड्यांची एक यादी येते. प्रत्येक प्रवचनातून त्या त्या क्रमांकाचा शब्द उचलला की सरळ वाक्यं तयार होतात. आपण जन्माने देव नव्हतो, हा मार्ग आपण स्वतःच्या मर्जीने निवडला, देवत्व चोरलं आणि हॉर्टेटरला मारलं, असं ती वाक्यं सांगतात. हॉर्टेटर ही नेरेवारची पदवी. आरोपी स्वतःच्या पोथीत कबुली पुरून ठेवतो, तर आणखी काय हवं?

पोथीवाचक
कबुली आहे, मान्य. पण ती कोणाची? ज्याने आयुष्यभर स्वतःची दंतकथा स्वतःच्या हाताने लिहिली त्याची. याच प्रवचनांत तो अंड्यात असल्यापासून जग त्याच्याशी बोलतंय. त्यातलं सगळं खोटं मानायचं आणि लपवलेला मजकूर तेवढा खरा मानायचा, हा निवाडा मला पटत नाही. लपवलेली गोष्ट खरीच असते हा वाचकाचा मोह असतो, आणि व्हिवेक वाचकाला चांगला ओळखतो.

शिवाय तुम्ही तिसरी साक्ष सोडलीत. लढाईबद्दल व्हिवेकने सांगितलेली आणखी एक हकीकत डिसिडंट प्रीस्टांनी, म्हणजे टेंपलमधून फुटलेल्या बंडखोर पुजाऱ्यांनी, जपली आहे. त्यात नेरेवार जखमांनीच मरतो, पण मरण्याआधी तिघांकडून शपथ घेतो की ही अवजारं कधी वापरायची नाहीत. पुढे सोथा सिलच्या सांगण्यावरून ती शपथ मोडली जाते. म्हणजे इथे कबुली शपथभंगाची आहे, खुनाची नाही. तुमच्या कबुलीइतकीच ही कबुलीही त्याच माणसाच्या तोंडची. एक घ्यायची आणि दुसरी टाकायची, ती कशाच्या आधारावर?

आणि ॲशलँडरांची कथा तरी तटस्थ कुठे आहे? त्यांची भक्ती अझुरावर. ट्रिब्युनल गेलं की गादी अझुराचीच. पानिपतावरच्या बखरी आपण वाचतो तेव्हा कोणी, कधी, कोणाच्या आश्रयाने लिहिली हे आधी विचारतो ना? इथेही तेच विचारू या.

सरळरेषा
दोघांचंही वाचलं. तुम्ही ज्याला इतिहासाची खोली म्हणता ती मला लेखकांची सोय वाटते.

डॅगरफॉल (१९९६) या आधीच्या खेळाला अनेक शेवट होते. पुढचा खेळ लिहायची वेळ आली तेव्हा एक शेवट निवडायच्या ऐवजी सांगितलं की काळच फाटला आणि सगळे शेवट एकदम घडले. सिरोडिल हा प्रांत जुन्या वर्णनात दमट जंगल होता. ओब्लिव्हियन (२००६) आला तेव्हा हिरवी कुरणं आणि युरोपातल्यासारखी रानं दिसली. मग कोणी म्हणालं नक्कल करणाऱ्याची चूक, कोणी म्हणालं टॅलोस देवाने हवामानच पालटलं. जिथे कोणतीही चूक देवाच्या नावावर खपवता येते तिथे पुराव्याला अर्थ उरत नाही.

खऱ्या इतिहासात कागदाबाहेर काहीतरी असतं. किल्ल्याचा पाया असतो, नाणं असतं, परक्या दरबारातलं पत्र असतं. नेरेवारच्या बाबतीत कागदाबाहेर काय आहे? काहीच घडलेलं नाही, त्यामुळे शोधण्यासारखंही काही नाही.

लालडोंगर
सिरोडिलचं मान्य, ती सारवासारवच होती आणि मलाही ती खटकते. पण मॉरोविंडची गोष्ट वेगळी आहे. तिथे परस्परविरोध नंतर चिकटवलेला नाही. कथेची मुख्य कामगिरीच त्यावर उभी आहे. तुम्हाला ॲशलँडरांची जाणती बाई निबानी मेसा हिच्याकडे जावं लागतं, तिला आठवत नसलेली नेरेवारच्या पुनर्जन्माची भाकितं डिसिडंट प्रीस्टांकडून मिळवावी लागतात, मग ती परत तिच्याकडे नेऊन अर्थ लावून घ्यावा लागतो. मौखिक परंपरेत जे हरवलं ते बंडखोरांच्या लेखी दप्तरात सापडतं. हे दुसऱ्या कोणत्या खेळाने खेळाडूकडून करून घेतलं?

आणि कागदाबाहेरचं म्हणाल तर हृदय आहे. ते डोंगराखाली खरंच आहे, तुम्ही तिथे जाता, ते फोडता आणि तिघांचं अमरत्व संपतं. देवत्व चोरीचं होतं एवढं तरी त्यातून सिद्ध होतं.

पोथीवाचक
देवत्व चोरीचं होतं, हे सिद्ध होतं. खून नाही. शपथ मोडणाऱ्यालाही हृदय तेवढंच देऊन जातं.

कुम्मूची वाट
मी थोडी वेगळ्या बाजूने येते. तुम्ही सगळे देवांचा खटला चालवताय आणि भाविकांना विसरताय.

टेंपलमध्ये भरती झालं की पहिलं काम मिळतं सात ठिकाणच्या यात्रेचं. त्यातलं एक कुम्मूचं शेत. एका गरीब शेतकऱ्याचा ग्वार, म्हणजे त्यांच्याकडचं ओझ्याचं आणि शेतीचं जनावर, ऐन हंगामात मेला. तेव्हा व्हिवेकने स्वतः त्या जनावराच्या जागी राबून त्याचं काम उरकून दिलं. तिथे वाहायचं असतं ते चिखलातलं शेवाळ, सोनंनाणं नाही. मी ती देवळी पहिल्यांदा वाचली तेव्हा जनाबाईबरोबर जात्यावर बसणारा विठोबा आठवला. दोन्ही एक आहेत असं माझं म्हणणं नाही. पण कष्टाच्या कामाला देवाचा हात लागला की ते काम करणाऱ्याची मान कशी वर होते, ते मला घरातल्या ओव्यांमुळे माहीत आहे. ही कथा खुन्याने सांगितली असेल तरी त्या शेतकऱ्यासाठी ती खोटी होत नाही.

आणि घोस्टफेन्स? रेड माउंटनमधल्या डॅगोथ ऊर या खलनायकाची रोगराई डोंगरात कोंडून ठेवणारी ती भिंत ट्रिब्युनलच्या बळावर उभी होती. देव खोटे, पण पहारा खरा होता.

लालडोंगर
ताई, कुम्मूची कथा मलाही प्रिय आहे. पण त्याच टेंपलचे ऑर्डिनेटर, म्हणजे शिपाई, वेगळं बोलणाऱ्याला शोधत फिरतात. व्हिवेक शहरावर तो जो प्रचंड खडक अधांतरी तरंगतो, त्याच्या आत तुरुंग कोरलाय आणि त्याचं नाव ठेवलंय मिनिस्ट्री ऑफ ट्रूथ. बंडखोरांना सामील असलेली पुजारीण मेहरा मिलो तिथेच अडकते आणि आपण तिला सोडवतो. शेतकऱ्यासाठी राबणाऱ्या देवाच्या राज्यात खाजीत आणि आर्गोनियन जमातींचे लोक गुलाम म्हणून विकले जातात आणि साम्राज्याशी तह झाला तेव्हा ती प्रथा राखून घेतली गेली. नम्रतेची शिकवण शेवाळाच्या देवळीपुरती आणि मळ्यावर साखळदंड, हे मला सोसत नाही.

कुम्मूची वाट
हे मी नाकारत नाही. सोसत मलाही नाही. पण हे सगळं खून झाला नसता तरी तसंच राहिलं असतं. तुमचा राग गुलामीवर आहे आणि तुम्ही पुरावा शोधताय खुनाचा.

किल्लेदार
तोतयाचा मुद्दा कोणीच काढला नाही म्हणून लिहितो. सगळे धरून चाललेत की आपण, म्हणजे खेळाडू, नेरेवारचा पुनर्जन्म आहोत. पण खेळाच्या सुरुवातीला सेडा नीन गावाच्या धक्क्यावर आपण उतरतो ते कैदी म्हणून, आणि बादशहाच्या हुकमाने सुटतो. भाकितातल्या खुणांशी आपली पार्श्वभूमी जुळते हे साम्राज्याच्या हेरखात्याने आधीच हेरलेलं असतं. गुहेत आपल्याआधी फसलेल्या दावेदारांची भुतं भेटतात. त्यांनाही आपण खरेच वाटत होतो. निबानी मेसा सांगते, तू नेरेवरीन (नेरेवारचा पुनर्जन्म) नाहीस, होऊ शकशील.

सदाशिवरावभाऊ १७६१ला पानिपतावर पडले आणि पुढे भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला. त्याच्यामागे माणसं गेली, कोकणात किल्ले त्याच्या हाती गेले. १७७६मध्ये त्याला देहदंड झाला. त्या लोकांना काय भाबडं म्हणायचं? त्यांना भाऊ परत हवा होता. मॉरोविंडमध्ये फरक इतकाच की तिथला दावेदार जिंकतो, आणि जिंकल्यावर कोणी चौकशी करत नाही. मग 'नेरेवारचा सूड घेतला' म्हणणारा कोण होता, साम्राज्याचा मोहरा की अझुराचा?

सरळरेषा
किल्लेदार, हा मुद्दा मला खरंच अडवतो. सिरोडिलसारखी ही सारवासारव नाही, पहिल्या दृश्यापासून रचलेलं आहे. डॅगरफॉलबद्दल माझं मत तेच राहील, पण मॉरोविंडला त्याच मापाने मोजलं ते मागे घेतो.

एक भर घालतो. पुढच्या काळात, चौथ्या युगात, डिसिडंट प्रीस्टांचंच टेंपल झालं. ट्रिब्युनल खोटं ठरलं आणि अझुरा, बोएथिया, मेफाला हे जुने देव अधिकृत झाले. कालचे बंडखोर आज दप्तराचे मालक आहेत. व्हिवेकची ती शपथभंगाची हकीकत आता ते जपून ठेवत असतील का? त्यांनीच ती वाचवली होती.

कुम्मूची वाट
लालडोंगर, एक विचारायचं राहिलं. कथा संपल्यावर व्हिवेक त्याच्या महालात बसलेला असतो आणि त्याला मारायची मोकळीक खेळ देतो. या वेळी मारलंत का?

लालडोंगर
सेव्ह करून आत गेलो होतो, हत्यार हातात होतं. मारलं नाही. डोक्यावर तो खडक होता आणि चौथ्या युगाच्या पाचव्या वर्षी तो खाली येतो हे मला माहीत होतं. खून झाला हे माझं मत अजून तेच आहे.